रिस्टोरेटिव्हचे (दात भरण्या-दुरुस्तीचे) कोर्स खूप झाले, हाताला नक्की काय लागलं?

बत्तिशी
नमस्कार मंडळी. इथे दातांचे डॉक्टर बरेच आहेत असं दिसतंय म्हणून विचारते. जनरल प्रॅक्टिस करणाऱ्याने शिकत राहायचं म्हणजे नक्की काय शिकत राहायचं? मेल उघडला की व्हिनीअरचा (दातावर चिकटवायच्या पातळ पापुद्र्याचा) कोर्स, अलाइनरचा (दात सरळ करणाऱ्या पारदर्शक साच्याचा) कोर्स, स्माइल डिझाइनचा कोर्स, लेझरचा कोर्स, आणि प्रत्येक पोस्टरवर वरच्या सहा दातांचा तोच पांढराशुभ्र फोटो. माझ्या खुर्चीत जे लोक बसतात त्यांच्या मागच्या दाढेत कीड असते, नाहीतर जुन्या फिलिंगची कड निघालेली असते, नाहीतर हिरड्यांतून रक्त येत असतं आणि त्यांना ते नॉर्मल वाटत असतं. क्रेडिट पॉइंट कुठूनही जमतात, तो मुद्दा नाही. मुद्दा असा की कशामुळे तुमच्या हातात खरंच फरक पडला, म्हणजे सोमवारी क्लिनिक उघडल्यावर काहीतरी वेगळं करायला लागलात असं? कोर्सचा शून्य उपयोग झाला असं ज्यांचं मत आहे त्यांनीही लिहा, भांडण चालेल.

निळा_दिवा
जागा पकडून ठेवतो. पेशंट बसलाय, रात्री सविस्तर.

नवी_बर
वाचनखूण साठवली. मी नुकतीच पास झालेय आणि पुढे काय करावं याच घोळात आहे, त्यामुळे पॉपकॉर्न घेऊन बसते.

जुना_चांदीवाला
माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे वाद वाढवायला बरं. आम्ही चांदी (पाऱ्याचं अमाल्गम) भरायचो तेव्हा लाइट नव्हता, बाँड (मटेरियल दाताला चिकटवणारं द्रव) नव्हता, अमुक सेकंद एच करा (ॲसिड लावा) आणि तमुक सेकंद घासा ही भानगड नव्हती. घोटली, दाबून भरली, कोरली, दुसऱ्या दिवशी पॉलिश, विषय संपला. थोडी लाळ लागली तरी चांदी सांभाळून घ्यायची. आता दर दोन वर्षांनी नवा बाँड येतो आणि तो कसा वापरायचा हे शिकायला पुन्हा कोर्स. आधी अवघड मटेरियल विकायचं आणि मग ते वापरायला शिकवायचे पैसे घ्यायचे, हा धंदा छान आहे.

स्पून_एक्स्कॅव्हेटर
चांदीवाले, तुमच्याबद्दल आदर आहे पण लाळेचं अर्धसत्य आहे हो. झिंक असलेल्या चांदीत भरताना ओल गेली तर नंतर हायड्रोजन सुटून ती फुगते, हे आपण दोघांनी एकाच पुस्तकात वाचलंय. सांभाळून घेते हे खरं, पण कंपोझिटच्या (दाताच्या रंगाच्या, लाइटने कडक होणाऱ्या भरणाच्या) मानाने. आणि आता तो वाद कितीही रंगला तरी पारा जाणारच आहे. पाऱ्याचा वापर कमी करायचा मिनामाता करार २०१३ चा, युरोपियन युनियनने तर १ जानेवारी २०२५ पासून अत्यंत गरजेचे मोजके अपवाद सोडले तर चांदी बंदच केली. म्हणजे दाढेत कंपोझिट किंवा ग्लास आयनोमर (दाताला आपणच चिकटणारं सिमेंट) नीट भरता येणं ही आता हौस राहिली नाही. बत्तिशी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे बघा, पोस्टरवरचे सहा दात बाजूला ठेवा आणि क्लास टू (दोन दाढांच्या मधल्या बाजूचं भरण) शिका.

जुना_चांदीवाला
झिंकचं मान्य. बाकीचं मान्य नाही. :)

निळा_दिवा
आलो. मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक पडला तो लाइट क्युरिंगच्या (कंपोझिट लाइटने कडक करण्याच्या) एका छोट्या वर्कशॉपने, ज्याला मी जवळजवळ गेलोच नसतो कारण नाव इतकं रटाळ होतं. डमी डोक्यात दाढेच्या तळाशी सेन्सर बसवलेला होता, प्रत्येकाने क्लिनिकमध्ये धरतो तसा लाइट धरायचा आणि तळाशी खरोखर किती ऊर्जा पोचली ते स्क्रीनवर दिसायचं. लाइट एकच, सेकंद तेवढेच, आणि शेजारी शेजारी बसलेल्या दोन डॉक्टरांचे आकडे दुपटीने वेगळे. का, तर एकजण लाइटच्या टिपकडे (टोकाकडे) बघत होता आणि दुसरा डोळे दिपतात म्हणून भिंतीकडे. टिप थोडी तिरकी झाली की बॉक्सच्या (दाढेच्या बाजूला कोरलेल्या खड्ड्याच्या) एका भिंतीची सावली तळावर पडते आणि तिथलं कंपोझिट अर्धं कच्चंच राहतं.

हिशोब साधा आहे. लाइट दर चौरस सेंटिमीटरला १००० मिलिवॅट देत असेल तर २० सेकंदांत २० जूल. बऱ्याच कंपोझिटना १६ जूलच्या आसपास लागतात असं धरून चालतात, काहींना कमी लागतात, काही गडद शेडना बरेच जास्त, ते त्या मटेरियलच्या कागदावर छापलेलं असतं आणि तो कागद आपण खोक्यासकट फेकतो. पण हे १००० टिपला चिकटून मोजलेले. क्लास टू च्या बॉक्सचा तळ टिपपासून ६ ते ८ मिलिमीटर खाली असतो आणि तेवढ्या अंतरावर काही लाइटचा जोर निम्म्याच्याही खाली येतो. वरून प्रोबने (टोकदार हत्याराने) टकटक केली की कडक लागतं, त्यावरून तळाचं काहीही कळत नाही. आणि किडीला पुन्हा शिरायला नेमका तोच तळ आवडतो, हिरडीजवळचा.

आता मी पहिल्या थराला वेळ वाढवून देतो, मध्ये हवा मारतो कारण सलग लाइट मारला तर पल्प (दाताच्या आतली नस) तापतो, नारिंगी चष्मा घालून टिपकडेच बघतो, आणि टिपवर चिकटलेलं जुनं कंपोझिट रोज बघून खरवडतो. रेडिओमीटरवर (लाइटचा जोर मोजायच्या यंत्रावर) दर आठवड्याला आकडा घेऊन कॅलेंडरवर लिहायचं काम असिस्टंटकडे. साधे रेडिओमीटर खरा आकडा देत नाहीत, पण गेल्या महिन्यापेक्षा लाइट उतरलाय का ते बरोबर सांगतात.

नवी_बर
बापरे. कॉलेजमध्ये आम्हाला लाइट म्हणजे बटण दाबा आणि बीप वाजेपर्यंत धरा, एवढंच होतं.

चूळ_भरा
निळा_दिवा, प्रतिसाद आवडला. फक्त एक गोष्ट, असिस्टंटने लाइट धरायचा असेल तर वर्कशॉपला तिलाही न्यायला हवं. आपण एकटेच शिकून येतो आणि सक्शन, मॅट्रिक्स (भरताना दाताभोवती लावायची पट्टी), रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबराचा पडदा) हे सगळं ज्या दुसऱ्या जोडी हातांवर चालतं ते हात जिथल्या तिथे.

निळा_दिवा
+१. सॅनफोर्ड बार्नमने रबर डॅम १८६४ मध्ये वापरला, आपण अजून "पेशंटला आवडत नाही" म्हणतोय. खरं तर पेशंटला चालतो, लावायला वेळ आपल्याला लागतो.

एमओडी
बाँडिंगबद्दल कोणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो. बुओनोकोरेने १९५५ मध्ये एनॅमलवर (दाताच्या बाहेरच्या कडक थरावर) ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड ३० सेकंद लावलं तिथून सुरुवात, आज आपण ३७ टक्क्यांच्या आसपासचं १५ सेकंद लावतो. डेंटीनचं (एनॅमलच्या आतल्या थराचं) कोडं सुटायला मात्र बराच वेळ गेला, नाकाबायाशींनी हायब्रिड लेयर (बाँड आणि डेंटीन मिसळून झालेला थर) दाखवला तो १९८२ मध्ये. हे सांगायचं कारण म्हणजे एनॅमल आणि डेंटीन यांची गणितं वेगळी आहेत हे ज्याला पटलं त्याला नवा बाँड बाजारात आला की घाबरायचं कारण नाही. सध्याचे युनिव्हर्सल बाँड घेतले तर फक्त एनॅमलला एच करा, डेंटीनला ॲसिड लागू देऊ नका, बाँड कागदावर लिहिलाय तेवढा वेळ घासा, साधारण २० सेकंद, नुसता फासून ठेवू नका, मग हवा मारून सॉल्व्हंट (बाँडमधला उडून जाणारा द्रव) उडवा. हवा किती मारायची तर बाँडचा थर पृष्ठभागावर हलायचा थांबेपर्यंत. लोक दोनदा फुर्र करतात आणि लगेच लाइट. सॉल्व्हंट आतच राहिला की बाँड कच्चा, आणि मग भरल्यानंतर दात झिणझिणतो म्हणून पेशंटचा फोन आला की कंपनीला शिव्या.

चांदीवाले म्हणतात ते दर दोन वर्षांनी नवा कोर्स वगैरे, मला नाही वाटत तसं. केमिस्ट्री एकदा नीट समजून घेतली की नव्या बाटलीसाठी तिच्याबरोबरचा कागद वाचणं पुरतं.

जुना_चांदीवाला
मग कोर्स नको, कागद वाचा, हेच मी म्हणत होतो.

एमओडी
कागद वाचायचाच, पण हवा कुठे थांबवायची हे कागदावरून नाही कळत ना. ते कोणीतरी हात धरून दाखवावं लागतं.

स्पून_एक्स्कॅव्हेटर
आता माझ्या आवडीचा विषय, आणि माझ्या मते जनरल डेंटिस्टने एकच गोष्ट नव्याने शिकायची तर ही शिकावी. कीड किती काढायची.

आपण सगळे दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांच्या सावलीत वाढलो. त्यांचं पुस्तक १९०८ चं, त्यात पुढची कीड टाळण्यासाठी चांगला दातही थोडा जास्त कापायचा असं तत्त्व होतं, आणि त्या काळात ते बरोबरच होतं, कारण ना फ्लोराइड पेस्ट होती ना चिकटणारं मटेरियल. त्यानंतर किडीबद्दलची समज बदलली पण हात बदलले नाहीत. परीक्षेत अजूनही प्रोब फिरवल्यावर कर्र असा आवाज आला पाहिजे, तळ चकचकीत पाहिजे, तर मार्क. खोल किडीत त्या आवाजाच्या मागे लागलात की पल्प उघडणारच.

२०१६ मध्ये तज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय कन्सेन्सस प्रसिद्ध झाला, त्यात डेंटीनचे हाताला जाणवणारे चार प्रकार धरले, मऊ, चामट, घट्ट आणि कडक. दात जिवंत असेल, रात्री ठणकत नसेल, आणि एक्सरेवर कीड डेंटीनच्या पल्पकडच्या आतल्या एक तृतीयांश किंवा एक चतुर्थांश भागापर्यंत गेली असेल, तर कडेकडेने कडक डेंटीन आणि स्वच्छ एनॅमल लागेपर्यंत साफ करायचं पण पल्पच्या डोक्यावरचं मऊ तसंच ठेवायचं आणि वरून पक्कं सील करायचं. कीड तेवढी खोल नसेल तर घट्ट लागेपर्यंत. सगळीकडे कडक लागेपर्यंत खरवडत जाणं याला ते आता ओव्हरट्रीटमेंट म्हणतात, तिथे कुणाला सूट नाही.

हे वाचून येत नाही. धारदार स्पून (खरवडायचं चमच्यासारखं हत्यार) हातात घेऊन, मऊ डेंटीनचा पोपडा जोर न लावता उचलला जातो, चामट ओढावं लागतं पण निघतं, घट्टला स्पून अडतो, हा फरक बोटात बसावा लागतो. बर (ड्रिलचं टोक) फिरवताना हे काही कळत नाही म्हणून शेवटचं काम हाताने. आणि कीड रंगवून दाखवणारा डाय वापरणाऱ्यांनी जपून, तो डाय एनॅमलच्या सांध्याजवळचं आणि पल्पजवळचं चांगलं डेंटीनही रंगवतो, रंग जाईपर्यंत कापत बसलात तर निरोगी दात कापाल.

फक्त_पेशंट
मी डॉक्टर नाही, दात दुखतोय म्हणून गुगल करता करता इथे पोचलो. म्हणजे तुम्ही लोक कीड आतच ठेवून वरून सिमेंट लावता?? हे वाचून माझी झोप उडाली.

स्पून_एक्स्कॅव्हेटर
झोपा निवांत. किडीतले जिवाणू तुम्ही खाता त्या साखरेवर जगतात. वरून हवाबंद झाकलं की त्यांची रसद तुटते, बरेचसे मरतात, उरलेले थंड पडतात, आणि आतला पल्प आपल्या बाजूने नवं डेंटीन बांधून मागे सरकतो. उलट सगळं काढायच्या नादात पल्प उघडला की रूट कॅनालची वेळ. अट एकच, वरचं झाकण गळता कामा नये. आणि दात आपोआप ठणकतोय, रात्री जाग येतेय असं असेल तर हे लागू नाही, गुगल बंद करा आणि खुर्चीत जाऊन बसा.

फक्त_पेशंट
ठणकत नाहीये, गार लागलं की कळ येते आणि लगेच जाते. उद्या जातो.

बत्तिशी
@स्पून, हे मी करते, पण एक धास्ती असते. मऊ डेंटीन ठेवून भरलं आणि दोन वर्षांनी तो पेशंट दुसऱ्याकडे गेला, त्याने एक्सरे काढला, फिलिंगखाली काळी पट्टी दिसली, तो म्हणणार कीड ठेवून भरलंय बघा तुमच्या डॉक्टरने.

स्पून_एक्स्कॅव्हेटर
घोडं तिथेच अडतं सगळ्यांचं. दोन कामं करायची. पेशंटला भरायच्या आधी सांगायचं, आणि कार्डवर लिहायचं की पल्पच्या भिंतीवर मऊ डेंटीन मुद्दाम ठेवलंय, तारीख, गारची टेस्ट काय आली. भरल्याबरोबर एक बाइटविंग (दाढांचा छोटा एक्सरे) काढून ठेवा. पुढच्या वेळी पट्टी तेवढीच आहे की पसरली हे ताडून बघता येतं. आणि पेशंटकडे त्याची प्रत द्या, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला.

चूळ_भरा
आता माझी पाळी. सगळे भरण्यावर बोलताय, भरणं म्हणजे किडीच्या आजारावरचा उपचार नव्हे, आजाराने पाडलेल्या खड्ड्याची ती डागडुजी आहे. डागडुजी कितीही सुंदर असो, तोंडातली परिस्थिती तीच राहिली तर शेजारच्या दाताला पुढचा खड्डा.

डब्ल्यूएचओच्या २०२२ च्या अहवालात जगभरात साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा काही ना काही आजार, आणि सुमारे दोन अब्ज लोकांच्या कायमच्या दातांत उपचार न झालेली कीड. इतके दात भरून संपणार आहेत का? त्यामुळे माझ्या यादीत पहिला कोर्स रिस्क असेसमेंटचा. ऐकायला कंटाळवाणा, पोस्टरला फोटो नाही, म्हणून रिकाम्या खुर्च्या. पण लाळ कमी का झाली, कुठल्या गोळ्या चालू आहेत, दिवसातून किती वेळा काही गोड तोंडात जातं, हिरड्या सरकून मुळं उघडी पडलीत का, हे विचारल्याशिवाय बर उचलायचीच कशाला.

एनॅमल साधारण ५.५ पीएचला विरघळायला लागतं, मुळावरचं डेंटीन त्याच्या बरंच आधी, साडेसहाच्या आसपासच. म्हणजे जो आहार दाताच्या वरच्या भागाला फार त्रास देत नाही तो उघड्या मुळाला खातो. म्हातारी माणसं, पाचसहा गोळ्या चालू, तोंड कोरडं, मुळाभोवती गोल फिरलेली कीड, तिथे कंपोझिट टिकत नाही हो, कितीही बाँड घासा. तिथे ५००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, फ्लोराइड वार्निश, ग्लास आयनोमर, आणि ज्यांना भरणंही झेपत नाही त्यांना ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. ते किडलेला भाग काळा करतं, हे आधी दाखवून, लेखी संमती घेऊन. २०२१ मध्ये डब्ल्यूएचओने अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते घातलं आणि ग्लास आयनोमरसुद्धा.

हिरड्यांचं पण तेच. २०१७ च्या वर्कशॉपमधून आलेलं नवं वर्गीकरण, चार स्टेज आणि तीन ग्रेड, हे किती जनरल प्रॅक्टिसमध्ये वापरलं जातं? ग्रेड ठरवताना सिगारेट आणि डायबेटीस बघतात, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७ टक्के किंवा वर असेल तर थेट ग्रेड सी, म्हणजे सर्वात वेगाने वाढणारा. म्हणजे पेशंटची शुगर विचारणं हे आपलं काम आहे. आणि सुजून रक्त येणाऱ्या हिरडीशेजारी क्लास टू भरायला बसणारे, त्या रक्तात तुमचं बाँडिंग काय होतं ते एमओडींना विचारा. आधी साफसफाई, थोडे दिवस थांबा, मग भरा.

एमओडी
रक्तात बाँडिंग होत नाही. एवढंच उत्तर. :)

नवी_बर
चूळ_भरा ताई, सगळं पटलं पण प्रामाणिकपणे विचारते, पेस्ट लिहून देऊन आणि गोड खाणं विचारून क्लिनिकचं भाडं कसं निघणार? व्हिनीअर शिकलं तर निदान फी तरी मिळते. सोशल मीडियावर माझ्या बॅचची मुलं रोज आधी आणि नंतरचे फोटो टाकतात.

चूळ_भरा
प्रश्न बरोबर आहे आणि त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. तपासणीची आणि प्रतिबंधाची वेगळी फी लावायला शिका, फुकट दिलं की त्याची किंमत कुणाला नसते. व्हिनीअर शिकूच नका असं कुठे म्हणतेय, क्रम सांगतेय.

निळा_दिवा
नवी_बर, व्हिनीअरच्या कोर्सला जा पण शिकवणाऱ्याला एकच विचारा, पाच वर्षांनंतरचे फोटो आहेत का? नंतरचा म्हणून जो फोटो दाखवतात तो त्याच दिवशी काढलेला असतो, ओठ ओले, हिरडी गुलाबी, लाइट मारून चमकवलेला. त्या दिवशी माझं कामही छान दिसतं. पाच वर्षांचे रिकॉल दाखवणारा वक्ता भेटला, आणि त्यातले दोन फसलेले स्वतःहून दाखवणारा असेल, तर फी बघू नका, बसा पहिल्या रांगेत. आणि कोर्सच्या पैशामागे मटेरियलची कंपनी असेल तर हरकत नाही, पण त्याने ते सुरुवातीलाच सांगावं, आणि तीन तासांत दुसऱ्या एकाही कंपनीचं नाव निघालं नाही तर ते प्रशिक्षण नव्हतं.

जुना_चांदीवाला
हे मात्र लाख बोललात.

एमओडी
कोर्सचा एकूण उपयोग किती यावर कोक्रेनचा (वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) रिव्ह्यू आहे, २०२१ ला अपडेट झाला. डॉक्टरांच्या सगळ्याच शाखांचे कोर्स, वर्कशॉप धरून बघितलं तर प्रत्यक्ष कामात बदल होतो तो मध्यम अंदाजाने साधारण ७ टक्क्यांच्या आत. थोडासा, पण शून्य नाही. चांदीवाल्यांना आणि त्यांच्या विरोधकांना दोघांनाही हा आकडा आपापल्या बाजूने वापरता येईल, म्हणून मुद्दाम टाकतोय.

बत्तिशी
७ टक्क्यांच्या आत! आणि आपण सर्टिफिकेट फ्रेम करून लावतो.

स्पून_एक्स्कॅव्हेटर
मी शिकवतो म्हणून सांगतो, हॉलमध्ये ऐकून लोक घरी जातात तिथेच ते अडकतं. आठवडाभरात हाताखालून काही गेलं नाही तर विसरलंच. मी आता सगळ्यांना काढलेल्या दातांवर काम करायला लावतो. क्लास टू करा, मॅट्रिक्स लावा, भरा, फिनिश करा, आणि मग डिस्कने मधोमध उभा चिरा. तिथे सगळ्यांची बोलती बंद होते. बाहेरून कॉन्टॅक्ट झकास, पॉलिश झकास, आणि चिरल्यावर बॉक्सच्या तळाच्या कोपऱ्यात पोकळी, कारण पहिला गोळा जाड टाकला आणि तो दाबताना इन्स्ट्रुमेंटला चिकटून वर आला. पुढच्या दाताला तोच माणूस तळाला पातळ फ्लोएबल (वाहतं कंपोझिट) लावतो, वेज (मॅट्रिक्स दाबून धरणारी पाचर) घट्ट बसलीय का बघतो, इन्स्ट्रुमेंट पुसत पुसत काम करतो. कोणी काही सांगावं लागत नाही.

दात वापरायचे तर नीट, वाळवू नका, ओलेच ठेवा, निर्जंतुक करून घ्या. चांदी असलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये घालायचा नाही, पाऱ्याची वाफ होते, तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा.

नवी_बर
हे मी करू शकते! घरी नाही, क्लिनिकमध्ये. :) आई डिस्कचा आवाज ऐकून हाकलून देईल.

जुना_चांदीवाला
एक गोष्ट मीही टाकतो, नाहीतर सगळे म्हणाल म्हातारा नुसता चिडचिड करतो. कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत ती ही, की जुनं फिलिंग कधी काढायचं नाही. कडेला तपकिरी रेघ दिसली की तरुण मुलं सरळ बर लावतात. रेघ म्हणजे डाग असतो बऱ्याचदा, कीड नव्हे. प्रत्येक वेळी फिलिंग काढताना खड्डा थोडा मोठाच होतो, दोनदा-तीनदा बदललं की भिंत पातळ, मग कस्प (दाढेचा उंचवटा) तुटतो, मग क्राउन (टोपी), मग रूट कॅनाल, आणि पेशंटला वाटतं दातच वाईट होता. कड एका जागी निघाली असेल तर तेवढीच दुरुस्त करा ना. चांदी असो नाहीतर तुमचं कंपोझिट.

एमओडी
चांदीवाले, तुम्हाला हे दुरुस्तीचं शिकवायला बोलवायला पाहिजे, मनापासून. एफडीआयचं (जागतिक दंतवैद्यक संघटनेचं) सुद्धा दुरुस्तीच्या बाजूने निवेदन आहे. कंपोझिटच्या दुरुस्तीचा क्रम मी टाकतो: खराब तेवढा भाग काढायचा, उरलेल्या जुन्या कंपोझिटला डायमंड बर किंवा ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडने खरबरीत करायचं, एनॅमलला एच, जुन्या कंपोझिटवर सायलेन (जुनं-नवं जोडणारं द्रव), मग बाँड, मग नवं कंपोझिट. जुन्या फिलिंगवर ऑक्सिजनमुळे चिकट राहणारा थर शिल्लक नसतो, नुसता बाँड फासून भरलं तर निघून येणारच.

जुना_चांदीवाला
सायलेनची बाटली एकदा उघडली की किती दिवस चांगली राहते, हे लिहा आधी. माझ्या कपाटात एक आहे, तिचं वय मला माहीत नाही.

एमओडी
पारदर्शक असायला हवी, दुधाळ दिसली तर फेकून द्या, एक्सपायरी बघा.

जुना_चांदीवाला
दुधाळ आहे.

बत्तिशी
😂😂 धागा सार्थकी लागला.

बरं, मग एक प्रस्ताव. बाइटविंग वाचायला आपण ऑनलाइन छोटा गट करूया का? पाचसहा जण, महिन्यातून एकदा. प्रत्येकाने थोडे एक्सरे टाकायचे, सगळ्यांनी आधी स्वतंत्रपणे लिहायचं, भरणार, दुरुस्त करणार, की नुसतं फ्लोराइड लावून सहा महिन्यांनी बघणार, आणि मगच उत्तरं उघडायची. मला खात्री आहे एकाच एक्सरेवर निम्मे जण बर उचलतील आणि निम्मे थांबतील. आणि एखादं वर्ष झालं की तेच दात पुन्हा बघायचे.

स्पून_एक्स्कॅव्हेटर
मी आहे. पण आधी उत्तर लिहायचं म्हणजे खरंच आधी, दुसऱ्याचं बघून बदलायचं नाही. आणि ज्याने एक्सरे टाकला त्याने शेवटी बोलायचं.

चूळ_भरा
मी पण. एक्सरेबरोबर पेशंटचं वय, लाळ, आहार, मागच्या तीन वर्षांत नवीन कीड झाली का, हे चार शब्द पाहिजेत. नुसती सावली बघून कोणाला काय ठरवता येणार.

निळा_दिवा
मी. जमल्यास भरलेल्या दातांचे रिकॉल फोटोही चालवा.

नवी_बर
मी येऊ का? माझ्याकडे टाकायला फारसं काही नाही अजून.

जुना_चांदीवाला
ये गं. माझ्याकडे भरपूर आहेत, जुन्या फिल्मवर. मोबाइलने फोटो काढून कसे पाठवायचे ते मात्र तूच शिकव.

नवी_बर
सर, व्ह्यूबॉक्सवर ठेवा, खोलीतले दिवे बंद करा, फ्लॅश बंद, आणि मोबाइल फिल्मला समांतर धरा. पेशंटचं नाव कोपऱ्यात लिहिलेलं असेल तर पाठवायच्या आधी तो भाग क्रॉप करा.